साडेसहाला लागलेले दिवे

"मला फक्त त्या माणसाचं नाव हवंय," चष्मेवाला म्हणाला. "पुढचं माझं मी बघून घेईन."

धाकटीने त्याला नीट न्याहाळलं. चाळिशीचा, टापटिपीचा माणूस. दाढी मात्र दोन दिवसांची. कोटाचा उजवा खिसा डाव्यापेक्षा खाली ओढला गेला होता, आणि खुर्चीत बसतानाही त्याने त्या खिशावरचा हात काढला नव्हता.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. भावंडांत शेवटची म्हणून पडलेलं ते वयाच्या बावन्नाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. खासगी तपास करणारी बाई म्हणून गावात तिचा दबदबा होता. पण त्या दबदब्याला न जुमानणारं तिच्या घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे भावोजी. थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त हेडक्लार्क. बहीण गेल्यापासून ते खालच्या खोलीत राहत आणि प्रत्येक तपासात स्वतःला अर्ध्याचे हक्कदार समजत.

"सुरुवातीपासून सांगा," धाकटी म्हणाली.

चष्मेवाल्याची बायको पूल बांधणारी इंजिनिअर होती. देशाच्या पार पश्चिम टोकाला एका नदीवर पूल उभा राहत होता, आणि आठ महिन्यांपासून ती तिथे होती. तो इथे, पूर्वेच्या टोकाला. मधे दोन दिवस दोन रात्रींचा रेल्वेप्रवास.

"दर रविवारी दुपारी मी फोन करतो. बरं चाललं होतं. पूल झाला की मीही तिकडेच जाणार होतो, चष्म्यांचं दुकान भागीदाराला सोपवून. पण या महिन्यात तीन फोन आले."

"कुणाचे?"

"माहीत नाही. दुकानातल्या फोनवर येतात. कुणीतरी कुजबुजतं. बाई की पुरुष तेही कळत नाही. पहिल्यांदा म्हणालं, तुझी बायको रोज एका माणसाचा हात धरून नदीकाठी फिरते. करड्या कोटातला माणूस. दुसऱ्यांदा म्हणालं, त्याला ती घराच्या दारापर्यंत सोडते. आणि काल..." त्याने खिशावरचा हात घट्ट दाबला. "काल गिरणीचा साडेसहाचा भोंगा झाला आणि लगेच फोन वाजला. म्हणालं, 'आत्ता दोघं माझ्यासमोर बाकावर बसलेत. काळोख पडलाय. काठावरचे दिवे आत्ताच लागले, त्या उजेडात मला तिचा हात त्याच्या हातात दिसतोय.' मी खिडकीबाहेर पाहिलं. आमच्याही रस्त्यावरचे दिवे त्याच क्षणी लागले होते. मला वाटलं, मी तिथेच उभा आहे आणि सगळं बघतोय."

"आवाज कसा होता? खरखर होती?"

"नाही. शेजारच्या खोलीतून बोलावं तसा स्वच्छ. हिच्याशी बोलताना मात्र निम्मे शब्द खरखरीत वाहून जातात."

"बायकोला विचारलंत?"

"काय विचारू? ती नाही म्हणणार. खरी असली तरी नाही, खोटी असली तरी नाही." त्याचा आवाज चिरका झाला. "बाई, आठ महिने मी रात्री कूस बदलतो आणि ती कुणाशी हसत असेल याचा हिशेब करतो. आता तो संपवायचाय. उद्या पहाटेची गाडी आहे."

"फोन आला तेव्हा दुकानात कोण होतं?"

"मी एकटाच. भागीदार पाव आणायला गेला होता. फोन ठेवतो न ठेवतो तोच परत आला. माझा चेहरा बघून त्यानेच मला खुर्चीत बसवलं. चौदाव्या वर्षापासून आम्ही एका बाकावर समोरासमोर बसून भिंगं घासतोय. तो नसता तर काल मी वेडाच झालो असतो."

"तिकडच्या पुलावर काय चालतं हे इथे कुणाला कळतं?"

"माझ्या थोरल्या बहिणीला. अक्का रोज संध्याकाळी हिला फोन करते, म्हणजे भांडते. आणि एक ट्रकवाला मित्र आहे, तो महिन्यातून एकदा तिकडे माल नेतो. कालच दुपारी परत आला."

"तिकडून तुमच्या दुकानाला कधी काम येतं? चष्म्याचं?"

"छे. इतक्या लांबून कोण पाठवणार?"

धाकटी उठली. "मला आजचा दिवस द्या. संध्याकाळी भोंग्याच्या आधी मी दुकानात येते. तोवर त्या खिशातलं कुठे वापरू नका."

चष्मेवाल्याने हात झटकन काढला आणि पुन्हा खिशावर ठेवला. मान मात्र हलवली.

तो जिना उतरल्यावर भावोजी म्हणाले, "सुरा असेल."

"असेल."

"मग पोलिसांत सांगूया."

"काय सांगूया? खिसा जड आहे म्हणून?" धाकटीने चपला घातल्या. "चला. आधी ट्रकवाला."

ट्रकवाला अड्ड्यावर ट्रकखाली आडवा झाला होता. तो तेलकट हात पुसत बाहेर आला. भावोजींना तो पाहताक्षणीच संशयास्पद वाटला, कारण त्याच्या गळ्यात रुमाल होता, आणि कुजबुजायला रुमाल लागतो असं भावोजींचं मत होतं.

"वहिनी? देवमाणूस," तो म्हणाला. "त्यांच्यामुळे तिकडे घरचं जेवण मिळतं. पण तिकडे मला झोप लागत नाही, बाई. इकडे सात वाजता डोळे मिटायची सवय. तिकडे जेवायला बसलो तरी ऊन ताटात. आठ वाजले तरी पोरं नदीत पोहतायत. पडदे लावून झोपावं लागतं."

"वहिनी संध्याकाळी कुणाबरोबर फिरतात?"

ट्रकवाला हसला. "आजोबांबरोबर. पुलाचे जुने सर्व्हेअर, मोजणीवाले. सत्तरी उलटलेली, डोळ्यांनी जवळजवळ अधू, पण काम सुटत नाही. करडा कोट घालतात उन्हाळ्यातही. वाटेत खड्डे, म्हणून वहिनी हाताला धरून घरी पोचवतात. मागच्या महिन्यातल्या खेपेला त्यांच्या डोळ्यांचे नंबर वहिनींनी माझ्याकडे दिले होते. म्हणाल्या, ह्यांना कळू देऊ नका, उगाच जीव जाळून घेतील. मी दुकानात दिले."

"त्यांच्या नवऱ्याला नाही ना?"

"अहो, कळू देऊ नका म्हणाल्या ना? काउंटरवर दिले, आजोबांचं सगळं सांगितलं आणि आलो. या खेपेला तयार नव्हता, पुढच्या खेपेला चष्मा न्यायचाय."

अड्ड्याबाहेर आल्यावर भावोजी चालताचालता थांबले. "म्हणजे भानगड काहीच नाही. म्हातारा आहे. मग आता जाऊन सांगून टाकूया की."

"तो विश्वास ठेवेल?"

भावोजींनी विचार केला. "नाही. म्हणेल, ट्रकवाला तिला सामील आहे."

"आणि फोन चालूच राहतील. आज म्हातारा, उद्या आणखी कोणी. जो हे करतोय तो सापडायला हवा."

चष्मेवाल्याच्या घरी थोरली बहीण लोकर विणत बसली होती. घर आरशासारखं लख्ख. भिंतीवर भावाचे लहानपणापासूनचे सात फोटो. त्याच्या लग्नाचा एकही नाही.

"आईबाप गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता," ती म्हणाली. सुया थांबल्या नाहीत. "मी वाढवला. मी लग्न केलं नाही. आणि ही आली, पाच वर्षांत पुलावर निघून गेली, आता त्यालाही नेणार. मला ती आवडत नाही. लपवण्यासारखं त्यात काय आहे?"

"तरी रोज फोन करता?"

"घरची सून आहे. जेवली की नाही विचारायला नको? आणि खोटं किती बोलते ते मोजायला." तिने नाक मुरडलं. "मी इथे अंधार पडला, दिवा लावला की फोन करते. आणि ती म्हणते, 'वन्सं, नंतर बोलू का, अजून ऊन आहे, माणसं वर आहेत.' ऊन म्हणे. मला काय दूधखुळी समजते?"

"काल किती वाजता बोललात?"

"रोजच्याच वेळी. बोलता बोलता गिरणीचा भोंगा झाला, तर ती विचारते, हा कसला आवाज. सहा वर्षं या घरची सून, आणि भोंगा विसरली. त्यावरून पुढे आणखी पंधरा मिनिटं वाजलं आमचं."

"ती कुठून बोलत होती?"

"ऑफिसातून. मागे माणसं ओरडत होती, मोजमापं चालली होती."

धाकटीने फोन वापरायची परवानगी मागितली. खरखरीतून पुलावरच्या ऑफिसचा आवाज आला. चष्मेवाल्याची बायको बाहेर होती, पण फोन घेणाऱ्या माणसाने सांगितलं की काल संध्याकाळी बाईसाहेब बराच वेळ याच फोनवर होत्या. "त्यांच्या नणंदेचा होता," तो म्हणाला. "रोजचंच आहे." संध्याकाळी भोंग्याच्या वेळी त्यांनी फोनजवळ थांबावं असा निरोप धाकटीने ठेवला. मग बहिणीकडे वळली. "अक्का, आज संध्याकाळी दुकानात याल? तुमच्या भावाचा प्रश्न आहे. आणि विणकाम बरोबर आणा."

रस्त्यावर भावोजींचा चेहरा उजळला होता. "धाकटे, हीच. भाऊ जाऊ नये म्हणून."

"भोंगा झाला तेव्हा ही वहिनीशी भांडत होती. त्याच क्षणी ही दुसऱ्या फोनवर भावाशी कशी कुजबुजेल?"

"मग ट्रकवाला."

"का?"

भावोजींनी गळ्याशी बोट नेलं. "रुमाल," ते शेवटी म्हणाले.

दुकानात चष्मेवाला नव्हता. काउंटरमागे भागीदार एकटाच बाकावर बसून भिंग घासत होता. किडकिडीत माणूस, बोटं मात्र बाईसारखी नाजूक. समोरचं स्टूल रिकामं होतं आणि त्याच्यावर एक स्वच्छ फडकं घडी करून ठेवलं होतं.

"गाडीचं तिकीट काढायला गेलाय," तो म्हणाला. "मी म्हटलं, जाऊ नकोस. तोंड बघू नकोस तिचं. सोडून दे. इथे सगळं आहे तुझं."

"तुम्हाला वाटतं ती तशी आहे?"

"मी काय सांगणार? मी तर या गावाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. एकदा पोराटोरांबरोबर पलीकडच्या टेकडीवर गेलो होतो, तेवढंच. पण लोक उगाच फोन करतील का?"

भावोजींनी बाकावरचं भिंग उचलून डोळ्याला लावलं आणि दचकले. "अरे बापरे. बाटलीचं बूड आहे हे. माझ्याहून आंधळं गावात कोण आहे?"

"गिऱ्हाईक," भागीदार म्हणाला, आणि भिंग त्यांच्या हातातून हळूच काढून खणात ठेवलं.

"फोन आले तेव्हा तुम्ही दुकानात होतात?" धाकटीने विचारलं.

"एकदाही नाही. काल पाव आणायला गेलो होतो. कोपऱ्यावरच्या दुकानात."

धाकटी बाहेर पडली आणि कोपऱ्यापर्यंत गेली. पावाच्या दुकानात दाराशी नाणं टाकायचा फोन होता. तिथून रस्ता शेवटपर्यंत दिसत होता, दिव्यांच्या खांबांची रांग आणि चष्म्याच्या दुकानाची खिडकीही.

"भागीदाराला विचारायची गरजच नव्हती," भावोजी तिला गाठत म्हणाले. "मित्र गेला तर अख्खं दुकान त्याचं होणार. तो तर बोट धरून गाडीत बसवून देईल."

"हो ना," धाकटी म्हणाली. "तेच मला कोड्यात टाकतंय."

संध्याकाळी सगळे दुकानात जमले. चष्मेवाला कोट घालूनच उभा होता. बहीण खुर्चीत बसली, मांडीवर लोकर. ट्रकवाला दारात. भागीदार आपल्या बाकावर.

"बसा," धाकटी चष्मेवाल्याला म्हणाली. तो बसला नाही.

"तुमची बायको काल साडेसहाला नदीकाठी नव्हती. ऑफिसात फोनवर होती. कोणाशी, ते अक्का सांगतील."

बहिणीने मान वर केली. "माझ्याशी. भोंगा झाला तेव्हा." मग नाखुशीने म्हणाली, "खरं ते खरं."

चष्मेवाला तिच्याकडे पाहतच राहिला. अक्का बायकोची बाजू घेईल हे त्याला स्वप्नातही खरं वाटलं नसतं.

"म्हणजे फोन करणारा खोटं बोलला," तो हळू म्हणाला. "पण तिथे आहे ना कोणीतरी? तो माणूस तर आहे?"

"माणूस आहे. त्याच्याकडे येते. आधी फोन करणारा कुठे उभा होता ते बघू." धाकटीने बहिणीच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा उचलला, त्यात दोन टाचण्या खोचल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे थोड्या अंतरावर, आणि बाकावरचा दिवा लावला. "ही पृथ्वी. हा सूर्य. उजवी टाचणी आपलं गाव, डावी पुलाचं गाव. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, अशी." तिने गुंडा सावकाश फिरवला. "कोणती टाचणी आधी काळोखात गेली?"

"आपली," भावोजी पुढे वाकून म्हणाले.

"आपली. एका दिवसात एक पूर्ण फेरी, म्हणजे तीनशे साठ रेखांश. तासाला पंधरा, एका रेखांशाला चार मिनिटं. आपल्या आणि पुलाच्या मधे पंचवीस रेखांश आहेत."

ट्रकवाल्याने बोटांवर हिशेब केला. "शंभर मिनिटं. दीड तासाहून जास्त."

"पण तिथलं आणि इथलं घड्याळ एकच आहे," चष्मेवाला म्हणाला.

"घड्याळ आपण ठरवतो. पूर्वी सूर्य डोक्यावर आला की त्या त्या गावचे बारा. मग रेल्वे आली, वेळापत्रकं जुळेनात, म्हणून पृथ्वीचे उभे पट्टे पाडले, साधारण पंधरा रेखांशांना एक तास. आपल्या देशाने सोय म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच वेळ लावली. त्यामुळे भोंगा झाला की दोन्हीकडे साडेसहाच. पण आपला सूर्य मावळलेला असतो आणि त्यांचा अजून चांगला वर असतो."

बहिणीच्या सुया थांबल्या. "म्हणजे ती ऊन म्हणायची ते..."

"खरं म्हणायची."

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. बाहेर रस्त्यावरचे दिवे एकामागून एक लागले. धाकटीने फोन फिरवला, दोन शब्द बोलली आणि रिसीव्हर चष्मेवाल्याच्या हातात दिला. "विचारा, बाहेर काय दिसतंय."

त्याने रिसीव्हर कानाला लावला. "मी बोलतोय. बाहेर... बाहेर काय दिसतंय तुला?"

खरखरीतून आवाज आला, सगळ्यांना ऐकू येईल इतका मोठा. "काय दिसणार? ऊन. डोळ्यांवर येतंय. माणसं कमानीवर आहेत अजून. तू असा का बोलतोयस? अक्का बऱ्या आहेत ना?"

चष्मेवाल्याने रिसीव्हर छातीशी धरला. दुसरा हात खिशावरून आपोआप खाली आला.

"तिथे उभा असलेला कोणीही," धाकटी म्हणाली, "साडेसहाला काळोख पडला, दिवे लागले असं म्हणणार नाही. खोटं बोलायचं असलं तरी नाही. ट्रकवाले दर महिन्याला तिथे आठपर्यंत ऊन बघतात, त्यांच्याकडून ही चूक होणार नाही. अक्का त्या वेळी दुसऱ्या फोनवर होत्या. फोन करणारा याच रस्त्यावर उभा होता. म्हणूनच आवाजाला खरखर नव्हती. त्याने समोर दिवे लागताना पाहिले आणि जसं दिसलं तसं सांगितलं. जन्मात गावाबाहेर न गेलेल्या माणसाला वाटतं, दिवे सगळीकडे एकदमच लागतात."

कुणीच भागीदाराकडे पाहिलं नाही. तोही कुणाकडे पाहत नव्हता.

"आणि त्याला करडा कोट माहीत होता," धाकटी पुढे म्हणाली. "कोटातला माणूस म्हणजे एक म्हातारा सर्व्हेअर, डोळ्यांनी अधू. तुमची बायको त्याला हाताला धरून घरी पोचवते. त्याच्या डोळ्यांचे नंबर तिने या दुकानात पाठवले. तुम्हाला ते मिळाले नाहीत. या दुकानात भिंगं घासणारे दोघेच. म्हातारा कोण आहे हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानेच कुजबुजून तुम्हाला तीन फोन केले."

भागीदाराने खण उघडला आणि जाड भिंगं बाकावर ठेवली. दोन्ही तयार होती, उत्तम घासलेली.

"चष्मा मी करणारच होतो," तो म्हणाला. "त्यात खोट नाही."

"का रे?" चष्मेवाल्याला एवढंच विचारता आलं. "दुकान तर तुलाच देत होतो."

"दुकान कुणी मागितलं?" भागीदाराचा आवाज प्रथमच चढला. "दुकान देतो, दुकान देतो. तिकडची घरं दाखवायचास मला, फोटोत. खिडकी कुठे, बाक कुठे ठेवायचा. मी हो हो म्हणायचो. तीस वर्षं मी मान वर केली की तू दिसतोस. ती सहा वर्षांपूर्वी आली, आणि तिच्यासाठी उठून चाललास. मला वाटलं, तुझं मन तिच्यावरून उडालं तर राहशील."

"मन उडालं तर?" चष्मेवाल्याने खिशातून सुरा काढून बाकावर ठेवला. "हा त्या म्हाताऱ्यासाठी होता. उद्या पहाटे निघणार होतो. तू मला पावाचा तुकडा भरवलास काल, आणि हे होऊ देणार होतास."

भागीदार सुऱ्याकडे बघत राहिला. रंग उतरून त्याचा चेहरा पार पांढरा पडला. "मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू फक्त रडशील." तो उठला, दाराकडे गेला, ट्रकवाल्याने वाट दिली, आणि दिव्यांच्या रांगेतून तो खाली मान घालून निघून गेला. त्याच्या मागे कोणी गेलं नाही.

रिसीव्हरमधून बायकोचा आवाज येत होता. तिने बहुतेक सगळं ऐकलं होतं. चष्मेवाल्याने तो कानाला लावला.

"मी चुकलो," तो म्हणाला.

"तीन फोन आले," ती म्हणाली. "तू एकदाही मला विचारलं नाहीस. कुजबुजणाऱ्यावर विश्वास ठेवलास, आणि माझ्या तोंडून एक शब्द तुला नको होता."

"मी उद्या येतो."

"येऊ नकोस. आज काही बोलू नकोस. मला रागावू दे नीट. उद्या उजाडलं की फोन कर."

त्याने विचारलं, "कुणाकडचं उजाडलं की?"



"माझ्याकडचं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अक्कानेच भावोजींना पुढचं सांगितलं. पहाटेची गाडी शिट्टी वाजवून गेली तेव्हा तो फोनसमोर बसला होता. इथे उजाडलं, खिडकीतून ऊन आत आलं, अक्काने चहा दिला, तो निवला. तिने दोनदा म्हटलं, कर आता. तो नाही म्हणाला, तिकडे अजून रात्र आहे. ऊन भिंतीवरून जमिनीवर उतरलं तेव्हा कुठे त्याने हात पुढे केला.

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला. ती तिकडे अंधारातच येऊन बसली होती.